यावलच्या केळी पट्ट्यातला एमटी डेटा: रोबस्ट करूनही वक्र ४५ अंशांत का चढतोय?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. यावल-रावेर पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मॅग्नेटोटेल्युरिक म्हणजे एमटीची मोजणी चालू आहे. विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत हलकंसं थरथरत असतं. एक हर्ट्झच्या वरची थरथर मुख्यतः जगभरच्या विजांमुळे होते, खालची सौरवाऱ्यामुळे. त्यातून जमिनीत विद्युतप्रवाह प्रेरित होतात. आपण जमिनीवर विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही मोजतो आणि त्यांच्या गुणोत्तरावरून (इम्पीडन्स) खालच्या थरांची रोधकता काढतो. किती खोलवर दिसतं याचा ठोकताळा: रोधकता गुणिले आवर्तकाळ, त्याचं वर्गमूळ, त्याचं निम्मं, उत्तर किलोमीटरमध्ये. १० ओहम-मीटरच्या गाळात १ सेकंदाला दीडेक किलोमीटर.

आता अडचण. साध्या लीस्ट स्क्वेअरने काढलं तर बिंदू सैरावैरा. रोबस्ट पद्धतीने, म्हणजे बहुमताशी न जुळणाऱ्या नोंदींचं वजन कमी करून काढलं तर वक्र एकदम गुळगुळीत, एरर बारही अगदी बारीक. पण ०.५ ते ८ सेकंदांच्या दरम्यान आभासी रोधकता (इम्पीडन्सवरून थेट काढलेली) लॉग-लॉग कागदावर सरळ ४५ अंशांत वर चढते आणि फेज, म्हणजे दोन क्षेत्रांमधला पुढे-मागेपणाचा कोन, १० अंशांच्या खाली जाते. तापीचा जाड गाळ, त्याखाली डेक्कन ट्रॅप म्हणजे बेसाल्टचे थर, अशा ठिकाणी हे मला पटत नाही. एवढे बारीक एरर बार असताना निकालावर विश्वास ठेवायचा की नाही?

काळी_माती
तुमच्या विषयातलं मला कळत नाही, पण धागा वाचतोय. मागे आमच्या शिवारातही काही जण चार दिशांना वायरी टाकून, खड्ड्यात नळकांडी पुरून बसले होते. गावात बातमी पसरली की तेल शोधताहेत. तुम्ही नक्की काय शोधताय, पाणी का?

तापीकाठ
@काळी_माती भाऊ, ती नळकांडी म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या कॉइल. वाऱ्याने हलू नयेत म्हणून पुरतात. वायरींच्या टोकाला लेड-लेड क्लोराइडचे इलेक्ट्रोड असतात, ते ओल्या चिखलात बसवतात. शोध पाण्याचाही आहे, पण खरी उत्सुकता सातपुड्याच्या पायथ्याच्या भ्रंशाची. अडावदजवळ उनपदेवला गरम पाणी वर येतं, ते कुठल्या वाटेने येतं हे कळलं तर फार समाधान वाटेल.

गिरणाकाठची
मी संख्याशास्त्र शिकवते, भूभौतिकी नाही. त्यामुळे माझ्या बाजूचं तेवढं सांगते.

समजा केळीच्या पाच घडांची वजनं लिहिली: १८, २०, १९, २१ आणि पाचवं १९ ऐवजी चुकून १९०. सरासरी येते ५३.६ किलो. असा घड बागेत एकही नाही. मध्यक मात्र २० येतो. लीस्ट स्क्वेअर हा सरासरीचाच भाऊ. चुकीचा वर्ग करतो, म्हणून मोठी चूक त्याला फार जोरात ओढते.

आता मध्यकापासूनची अंतरं बघा: २, १, ०, १, १७०. त्यांचा मध्यक १. त्याला १.४८ ने गुणलं की आपल्याला पसाऱ्याचं माप मिळतं, आणि त्या १९० ने ते बिघडत नाही. पीटर ह्यूबरने १९६४ मध्ये मांडलेला एम-एस्टिमेटर याच मापावर चालतो. अवशेष, म्हणजे नोंद आणि उत्तर यांतला फरक, या मापाच्या दीडपटीच्या आत असेल तर वजन १. बाहेर असेल तर दीड भागिले अवशेष. १९० वाल्या नोंदीचा अवशेष मापाच्या ११५ पट, म्हणजे वजन साधारण ०.०१३. नोंद काढून टाकली नाही, फक्त तिचा आवाज बंद केला. मग नवीन वजनांनी पुन्हा उत्तर काढायचं, पुन्हा अवशेष, पुन्हा वजनं, उत्तर स्थिर होईपर्यंत.

पण तापीकाठ, यातला कळीचा मुद्दा असा की हे सगळं बहुसंख्य नोंदी चांगल्या आहेत या गृहीतकावर उभं आहे. मध्यक सुद्धा निम्म्यापर्यंतच तग धरतो. पाचातले तीन घड चुकीचे लिहिले तर मध्यकही चुकीच्याच बाजूला जाऊन बसणार.

सातपुडा_पायथा
ताईंनी छान समजावलं. तरी माझं मत वेगळं आहे. फील्डमध्ये आयुष्य गेलं माझं. संगणकाच्या वजनांपेक्षा डोळा भरवशाचा. कागदावर पाचही चॅनेल (दोन विद्युत, तीन चुंबकीय) काढायचे, जिथे झटके दिसतात ते तुकडे पेन्सिलीने खोडायचे, उरलेल्यावर साधं लीस्ट स्क्वेअर लावायचं. आम्ही असंच करत आलो आणि उत्तरं चांगली आली.

गिरणाकाठची
@सातपुडा_पायथा सर, तुमच्या डोळ्याबद्दल आदर आहे. माझी हरकत दुसरीच आहे. तुम्ही खोडलेले तुकडे आणि मी खोडलेले तुकडे वेगळे असतील, मग उत्तरंही वेगळी येतील आणि कोणाचं बरोबर हे ठरवायला काही साधन उरणार नाही. शिवाय वक्र छान दिसेपर्यंत तुकडे खोडत राहायचा मोह माणसाला होतोच. वजनांचा नियम आधी लिहून ठेवलेला असतो. एगबर्ट आणि बुकर यांनी १९८६ मध्ये भूचुंबकीय ट्रान्सफर फंक्शनसाठी (इम्पीडन्ससारख्या गुणोत्तरांसाठी) नेमकं हेच केलं, आणि पुढच्या वर्षी चेव्ह, थॉमसन, अँडर यांचा लेख आला. त्यानंतर या क्षेत्रात हीच वाट रूढ झाली.

सातपुडा_पायथा
मोहाचं म्हणणं मान्य. पण नियमाला गाव माहीत नसतं, डोळ्याला माहीत असतं. चॅनेल न बघता थेट रोबस्टच्या घाण्यात घालणारी मुलं मी पाहिली आहेत, त्याचं मला वाईट वाटतं. तापीकाठ, तू टाइम सिरीज उघडून बघितलीस का?

भुसावळ_यार्ड
रेल्वेचा काही संबंध? आमच्याकडून दिवसरात्र मालगाड्या जातात आणि त्या पट्ट्यात रुळ फार लांब नाहीत. जवळ दीपनगरचं वीजकेंद्रही आहे.

दूर_स्थानक
@भुसावळ_यार्ड दादा, भुसावळकडचं विद्युतीकरण २५ हजार व्होल्ट एसी, ५० हर्ट्झवर. त्याचा त्रास मुख्यतः ५० हर्ट्झला आणि त्याच्या पटींना, १५०, २५० वगैरे. या धाग्यातली अडचण एका सेकंदाच्या आसपासची आहे. पूर्वी मुंबई ते इगतपुरी १५०० व्होल्ट डीसी होतं. डीसीचा परतीचा प्रवाह जमिनीत झिरपतो आणि मैलोन्‌मैल लांब पोचतो. एमटीवाल्याला एसीपेक्षा डीसी रूळ जास्त जाचतात.

भुसावळ_यार्ड
मग मुंबईत चुंबकीय वेधशाळा कशी चालायची?

दूर_स्थानक
चालेना म्हणूनच हलवली. कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही कुलाब्याची आहे, जगभर अजून तिचा अभ्यास होतो. पुढे शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या आल्या की नोंदी नासणार, हे वेधशाळेच्या नानाभाई मूस यांनी आधीच ओळखलं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. मला त्या माणसाचं फार मोठेपण वाटतं. गोंगाट गाळायची गणितं नव्हती त्या काळात त्याने गोंगाट यायच्या आधीच जागा बदलली.

सातपुडा_पायथा
हेच म्हणतोय मी. जागा चांगली निवडा, अर्धं गणित वाचतं.

दूर_स्थानक
आता मूळ प्रश्न. तापीकाठ, ४५ अंशांची चढण आणि शून्याकडे जाणारी फेज ही जवळच्या कृत्रिम स्रोताची सही आहे. कारण साधं आहे. एमटीच्या सूत्रांत स्रोत खूप लांब, सपाट लहरीसारखा धरलेला असतो. स्रोत शेजारच्या शेतात असेल तर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचं गुणोत्तर आवर्तकाळावर अवलंबून राहत नाही, जवळपास स्थिर आणि वास्तव (काल्पनिक भाग नसलेली संख्या) होतं. आभासी रोधकता म्हणजे गुणोत्तराचा वर्ग गुणिले आवर्तकाळ. गुणोत्तर स्थिर, म्हणून रोधकता आवर्तकाळाच्या प्रमाणात वाढते. लॉग-लॉग कागदावर तेच ४५ अंश. गुणोत्तर वास्तव, म्हणून फेज शून्य. एकमितीय जमिनीत ४५ अंश ही चढणीची वरची मर्यादा आहे, एरवी खाली अनंत रोधकतेचा थर असल्याशिवाय तिथवर कोणी पोचत नाही.

तुझे एरर बार बारीक आहेत कारण तो गोंगाट अत्यंत शिस्तीचा आहे. दोन्ही क्षेत्रांत एकाच वेळी उमटतो, एकाच गुणोत्तरात. रोबस्ट पद्धतीला तो आउटलायर, म्हणजे गटाबाहेरची नोंद, वाटत नाही. तिच्या लेखी तोच बहुमत आहे आणि खरा निसर्गाचा सिग्नल आउटलायर. त्यात ०.१ ते १० सेकंद हा पट्टा मुळात दुबळा, नैसर्गिक सिग्नल तिथे सगळ्यात कमी असतो. एरर बार फक्त एवढंच सांगतो की नोंदी आपसात किती जुळतात. त्या कशाबद्दल जुळतात हे तो सांगत नाही.

आजूबाजूला काय आहे ते सांग. शेतपंप? पाइपलाइन? कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन?

तापीकाठ
सातपुडा सरांच्या सांगण्यावरून आज मूळ सिरीज उघडून बसलो. उत्तर-दक्षिण विद्युत चॅनेलवर रात्रभर साधारण सेकंदा-सव्वा सेकंदाला एक बारीक टोक. दिवसा नाहीत. पूर्वेकडच्या बागेला झटका मशीनची तार आहे, आमच्या इलेक्ट्रोडपासून फार लांब नाही. मी रात्रीचा डेटा मुद्दाम जास्त घेतला होता, कारण त्या आठवड्यात पंपांची थ्री फेज वीज दिवसा होती आणि रात्री पंप बंद असायचे.

दूर_स्थानक
सापडलं. आता बघ, तू १६ हर्ट्झच्या डेटावर १२८ बिंदूंची खिडकी, म्हणजे एका वेळी हिशोबात घ्यायचा तुकडा, घेतोस ना? म्हणजे ८ सेकंद. प्रत्येक खिडकीत सहा-सात झटके. एकही खिडकी स्वच्छ नाही. रोबस्ट पद्धत खिडक्यांना वजन देते, बिंदूंना नाही. सगळ्याच खिडक्या सारख्या मळलेल्या असतील तर ती कोणाला कमी वजन देणार? निम्म्याची मर्यादा कधीच ओलांडली आहे.

आणि गवत तारेला टेकलं, दव पडलं की प्रत्येक झटक्याची ताकद बदलते. त्यामुळे ऊर्जा नेमकी एका सेकंदावर न राहता वर-खाली सांडते. तुझी चढण ८ सेकंदांपर्यंत जाते, ती यामुळे असावी.

शिरपूरना_भाऊ
भाऊ, झटका मशीन कोनी हौस म्हनीसन लावत नही. रातले डुकरे वावरमा घुसनात ते सकाय लोंग बाग भुईसपाट व्हई जास. तुम्हले एक रात बंद ठेवानी व्हई ते मालकले आगोदर सांगा, न राखनले दोन मानसे बठाडा.

तापीकाठ
@शिरपूरना_भाऊ, एकदम बरोबर. मालकांशी बोललो. आमची माणसं टॉर्च घेऊन बांधावर बसणार असतील तर एक रात्र बंद ठेवू म्हणाले.

बेसाल्ट_दगड
मी दुसऱ्या बाजूने एक भर घालतो. सगळे अवशेषांबद्दल बोलताय, लेव्हरेजचं, म्हणजे एकट्या नोंदीच्या ओढून घ्यायच्या ताकदीचं काय? मागे जामनेरकडे आमच्या कॉइलपासून थोड्याच अंतरावरून ट्रॅक्टर-ट्रॉली जायची. लोखंडाच्या हालचालीने चुंबकीय चॅनेलवर डोंगराएवढी नोंद, विद्युत चॅनेलवर मात्र काहीच नाही. अशी नोंद इतकी ताकदवान असते की रेषेला स्वतःकडे वाकवून घेते. रेषाच तिच्याजवळून गेल्यावर तिचा अवशेष लहान! ह्यूबरची वजनं तिला पूर्ण १ देतात.

त्यावर उपाय हॅट मॅट्रिक्सच्या कर्णावर नजर ठेवणं; कोणती नोंद उत्तराला किती ओढू शकते ते त्या कर्णावर दिसतं. दोन चुंबकीय घटक आणि एन खिडक्या असतील तर कर्णाची सरासरी किंमत २ भागिले एन. त्याच्या कितीतरी पट वर जाणाऱ्या खिडकीचं वजन अवशेष न बघताच कमी करायचं. चेव्ह आणि थॉमसन यांची २००४ ची बाउंडेड इन्फ्लुएन्स पद्धत हेच करते.

गिरणाकाठची
छान मुद्दा. पण एक शंका. चुंबकीय वादळात पण चुंबकीय नोंदी डोंगराएवढ्याच येणार ना? मे २०२४ मध्ये एवढं मोठं वादळ झालं. तुमची पद्धत तो उत्तम सिग्नलही दाबून टाकेल.

बेसाल्ट_दगड
ताई, हो, म्हणूनच उंबरठा फार कडक ठेवायचा नाही. वादळात विद्युत चॅनेलही त्याच प्रमाणात उसळतो आणि शेजारच्या स्थानकावरही तेच दिसतं. ट्रॅक्टर फक्त एकाच ठिकाणी दिसतो. मी आधी दोन स्थानकं ताडून बघतो, मग उंबरठा ठरवतो.

दूर_स्थानक
आणि इथेच रिमोट रेफरन्स येतो. गॅम्बल, गूबाऊ, क्लार्क, १९७९. साध्या लीस्ट स्क्वेअरमध्ये स्थानिक चुंबकीय चॅनेलचा स्वतःशीच गुणाकार होतो. त्यातल्या गोंगाटाचाही वर्ग होतो, भाजक फुगतो आणि इम्पीडन्स नेहमी खाली ओढला जातो. कितीही डेटा घ्या, हा कल जात नाही. त्याऐवजी त्याच वेळी लांबवर चालू असलेल्या दुसऱ्या स्थानकाचे चुंबकीय चॅनेल गुणाकाराला घेतले की नैसर्गिक सिग्नल दोन्हीकडे समान असल्याने टिकतो. इथला झटका तिथे नसतो, म्हणून सरासरीत विरून जातो. घड्याळं जीपीएसवर जुळलेली हवीत, आणि दुसरं स्थानक गोंगाटाच्या टप्प्याबाहेर हवं.

रोबस्ट आणि रिमोट रेफरन्स ही एकमेकांना पर्यायी औषधं समजू नका. क्वचित येणारी, बेशिस्त नोंद पहिलं आवरतं. सतत येणारा, शिस्तीचा गोंगाट दुसरं आवरतं. दोन्ही एकत्र लावायची.

सातपुडा_पायथा
आमच्या वेळी एकच यंत्र असायचं, दुसरं कुठून आणणार. आता असेल तर जरूर वापरा. सातपुड्यातल्या पाल गावाच्या बाजूला जंगलात जागा शोध तापीकाठ, तिथे तारा कमी.

तापीकाठ
सर, पाल परिसरात एक यंत्र आधीपासून चालू आहे! स्वतंत्र स्थानक म्हणून लावलं होतं, रेफरन्स म्हणून वापरायचं डोक्यातच आलं नाही. वेळा जुळतात. प्रोसेसिंग करून कळवतो.

काळी_माती
मधेच विचारतो. तेवढ्या रात्री तुम्ही लोक शेतात जेवता काय?

भुसावळ_यार्ड
यावलला वांग्याच्या भरिताला कोण नाही म्हणणार? कळण्याची भाकरी आणि भरीत, मालकांनीच दिलं असेल.

तापीकाठ
मालकांच्या घरून डबा आला, भरीत-भाकरीच होती. डुकरं आली नाहीत, फक्त एक कोल्हा दिसला.

आता निकाल. तीन प्रकारे काढलं.

पहिला, जुनाच डेटा, स्थानिक रोबस्ट: तीच ४५ अंशांची चढण.

दुसरा, जुनाच डेटा, पालचा रिमोट रेफरन्स आणि वर रोबस्ट वजनं: चढण गेली. ०.५ सेकंदाला ११-१२ ओहम-मीटर, तिथून हळूहळू वाढत १० सेकंदाला ४० च्या जवळ. फेजही १० अंशांच्या बरीच वर. पण ०.८ ते १.५ सेकंदांमध्ये एरर बार चांगलेच मोठे झाले.

तिसरा, झटका बंद असलेली एकच रात्र, स्थानिक रोबस्ट: दुसऱ्या वक्राशी एरर बारच्या आत जुळतं. एका सेकंदापाशीही.

म्हणजे माझ्या गुळगुळीत वक्रापेक्षा हा मोठ्या एरर बारचा वक्र खरा. एरर बार जॅकनाइफने काढलेत, एकेक खिडकी वगळून.

गिरणाकाठची
तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडली. गोंगाटाचं बटण बंद करून तपासणं भूभौतिकीत क्वचितच मिळत असेल. जॅकनाइफ घेतलात ते उत्तम, वितरण गॉसियन आहे असं धरावं लागत नाही. फक्त खिडक्या एकमेकींवर चढवलेल्या असतील तर त्या स्वतंत्र राहत नाहीत, ते प्रमाण किती ते लिहा.

तापीकाठ
ताई, निम्म्या चढवलेल्या आहेत, स्लेपियन टेपर (खिडकीच्या कडा हळूहळू शून्याकडे नेणारी वजनं) लावून. न चढवताही काढून बघतो.

सातपुडा_पायथा
१० सेकंदांच्या वरचं काय? रात्रीचाच डेटा जास्त आहे तुझा. १० ते ४५ सेकंदांची पीसी-३ नावाची नैसर्गिक चुंबकीय स्पंदनं दिवसा जोरात असतात. फक्त रात्र घेतलीस तर तो पट्टा उपाशी राहील.

तापीकाठ
खरंय सर. दिवसाचा डेटा लांब आवर्तकाळांसाठी वेगळा लावला. पंप चालू-बंद होताना विद्युत चॅनेलवर पायऱ्या दिसतात, पण त्या तुरळक आहेत. तिथे मात्र रोबस्ट वजनांनी काम चोख केलं, त्या सगळ्या खिडक्यांची वजनं शून्याच्या जवळ गेली.

बेसाल्ट_दगड
आता टिपर बघ, म्हणजे उभ्या चुंबकीय घटकाचं आडव्यांशी नातं. पायथ्याचा भ्रंश खरंच वाहक असेल तर त्याच्या दोन बाजूंना इंडक्शन अॅरोंच्या, म्हणजे टिपरवरून काढलेल्या बाणांच्या, दिशा उलट होतील. झटक्याचा परिणाम टिपरवरही झाला असणार, तेव्हा तोही पालच्या रेफरन्सनेच काढ. आणि उनपदेवच्या बाजूला स्थानक लावणार असशील तर मंदिराच्या वीजजोडणीपासून लांब, डोंगराच्या अंगाला लाव.

काळी_माती
अडावदला माझे मामा राहतात. जागा बघायला मी येतो सोबत, कोणाच्या बागेला झटका आहे आणि कोणाच्या नाही ते मामांना पाठ आहे.